मांडवखारच्या पदूबायची पाठ

सुंदरे, तू लंगडतेस. नाही कशी? बांधावरून उतरताना मी पाहिलं ना तुला. आणि मी थांबवलं तर काय म्हणालीस? "मला काय होतंय!" बरं, बरं. बस आता इथे मिठाच्या राशीला टेकून. बाकीच्यांनीही बसा. मांडवखारात हे शब्द कुणाच्या तोंडून निघाले की सगळ्यांना पदूबायची गोष्ट ऐकावी लागते, आणि ती मलाच सांगावी लागते, कारण माझ्याएवढी जुनी आता दुसरी कुणी उरली नाही. मध्ये बोलायचं नाही. माझा धागा तुटला तर मी पहिल्यापासून सुरू करीन, मग घरच्या भाकऱ्या घरीच वाळतील.

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडे जायला होडीच लागायची, तेव्हाही आपलं गाव मीठच पिकवायचं. भरतीचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं, वाफ्यांत कोंडायचं, उन्हानं आटलं की लाकडी फळीनं मीठ ओढायचं आणि टोपलीनं राशीवर न्यायचं. मिठाचा खडा पायाला काय करतो ते तुम्हाला सांगायला नको. टाच फुटते, आणि फुटलेल्या टाचेत खारं पाणी गेलं की मिशीवाला बाप्यासुद्धा आईला हाक मारतो.

तेव्हा गावात एकोणीस घरं होती. त्यातल्या शेवटच्या घरात हिरूबाय नावाची बाई राहायची. नवरा खाडीत बुडून गेलेला, पदरात एकच मुलगी. तिचं नाव पदू. असं म्हणतात की पदू जन्मली तेव्हा सुइणीनं तिला थापट्या मारल्या, चिमटे काढले, तरी ती रडेना. टकामका बघत राहिली. मग भूक लागली तेव्हा असं भोकाड पसरलं की सुइणीनंच कानांवर हात ठेवले.

पोरीला दात आले. एक दिवस हिरूबाय वाफ्यावरून घरी येते तर काय, पदूचं तोंड रक्तानं भरलेलं. स्वतःचंच बोट तिनं चावून काढलं होतं आणि वर आईकडे बघून हसत होती. पुढे पोरीनं चुलीतला निखारा उचलला, चांगला मुठीत धरला, आणि कातडीचा वास आला तेव्हा "आई, काय भाजतेस गं?" म्हणून विचारलं. तिला भूक कळायची, थंडी कळायची, आईनं गालावरून हात फिरवला की तोही कळायचा. फक्त दुखणं कळत नव्हतं. असं शरीर लाखांत एखाद्यालाच मिळतं म्हणतात. पण तेव्हा लाख कुणी मोजले होते? आपल्या गावाला एवढंच ठाऊक, की अशी दुसरी कुणी पाहिली नाही.

भगताला बोलावलं. तो घुमला बिमला आणि म्हणाला, "हिच्यात देवीचं वारं आहे. हिला दुखणं शिवायचं नाही." सगळं गाव खूश. हिरूबाय तेवढी म्हणाली, "देवी असती तर तिनं रक्त तरी थांबवलं असतं." भगताला राग आला. नारळ मात्र तो घेऊन गेला.

त्या दिवसापासून हिरूबायनं एक नेम धरला. रोज दिवेलागणीला पदूला समोर बसवायचं आणि दिवा हातात घेऊन तिला केसांपासून टाचेपर्यंत बघायचं. जीभ बघायची, बोटांची पेरं बघायची, तळवे बघायचे, मग मागे वळवून पाठ बघायची. कुठे काटा असेल तो काढायचा, कुठे खरचटलं असेल तिथे हळद भरायची. पदू कंटाळायची. "आई, काही झालं नाही गं." हिरूबाय म्हणायची, "तुझ्या अंगाला सांगता येत नाही बाय. म्हणून विचारायचं नाही, बघायचं." आणि तिनं पोरीलाही शिकवलं. लाल दिसलं की थांब. सूज दिसली की मला सांग. पदू मोठी होत गेली तशी स्वतःचं स्वतः बघायला लागली. पण स्वतःची पाठ कुणाला दिसते? पाठ आईच बघायची.

गावाचं काय? गावाला आयतीच सोय झाली. कडक उन्हात सगळे वाफ्यातून वर येऊन पाय चोळत बसायचे आणि म्हणायचे, "ते राहिलेलं मीठ पदूला ओढू दे, पदूला काय होतंय!" बांधाला काटेरी झुडपं लावायची, बोलवा पदूला. कालवांच्या, म्हणजे त्या धारदार शिंपल्यांच्या, खडकावर उतरायचं, पाठवा पदूला. लोक वाईट नव्हते हो. तिच्यावर जीवही होता त्यांचा, सणाला पहिलं ताट तिच्याकडे जायचं. पण ओरडत नाही त्याला लागतही नाही, असं सगळ्यांनी मनाशी धरलं होतं. आणि पदूही हसत जायची. कुणाला नाही म्हणणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

मग एका वर्षी हिरूबाय तापानं अंथरुणाला खिळली. तेव्हा जोमा नावाचा पाटील होता. माणूस भला, पण आवाज मोठा आणि विचार थोडका. हिरूबायनं त्याला बोलावून घेतलं आणि म्हणाली, "पाटील, माझ्यामागे हिची पाठ कोण बघील?" जोमानं तिचा हात हातात घेतला आणि धीर द्यायला म्हणून म्हणाला, "हिरूबाय, तू निर्धास्त जा. पदूला काय होतंय!" हिरूबायनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

ती गेली आणि पदू रडली. तीन दिवस रडली. लोक थक्क होऊन बघत राहिले. मुठीत निखारा धरणारी ही बाई छाती धरून जमिनीवर लोळत होती. चौथ्या दिवशी ती शेजारणीला म्हणाली, "इथे आत काहीतरी होतंय. बसवत नाही, उठवत नाही, कुणीतरी काढून टाकावं असं वाटतं." शेजारीण म्हणाली, "दुखतंय तुला, पदू." पदूनं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "यालाच दुखणं म्हणता होय तुम्ही? आणि हे असलं घेऊन तुम्ही रोज वाफ्यात उतरता?"

बघा, मला इथे दर वेळी गलबलतं. थांबा जरा.

हां. तर पुढे वैशाख आला. वाफ्यांत मीठ चमकत होतं, वर्षाची कमाई उघड्यावर पडली होती, आणि पुनवेच्या उधाणाला वारा सुटला. भर दुपारी उघाडीचं दार फुटलं. बांधाच्या पोटातलं ते लाकडी दार, ज्यातून आपण समुद्राला मोजून आत घेतो. ते फुटलं आणि समुद्र न मोजता आत यायला लागला. घटकाभरात सगळं मीठ विरघळलं असतं, आणि मागची भातखाचरं पुढची चार वर्षं नापीक झाली असती. बाप्ये फळ्या घेऊन धावले, पण उघाडीच्या खांबांवर कालवांची धार होती. जो उतरला तो कापून घेऊन ओरडत वर आला.

मग पदू उतरली. फळी छातीशी धरली, पाठ एका खांबाला रेटली, पाय समोरच्या खांबाला लावले आणि त्या भगदाडात बसली. पाणी थांबलं. असं म्हणतात की ती सहा तास बसली. कुणी म्हणतं तीन भरत्या आणि तीन ओहोट्या बसली. आणि असंही म्हणतात की शेवटी समुद्रानंच तिला विचारलं, "बाय, दुखत नाही का गं तुला?" ती म्हणाली, "दुखणं मला ठाऊक आहे. आई गेली तेव्हा दुखलं. हे तसं नाही. तू परत जा." आणि समुद्र परत गेला.

मग काय विचारता! ढोल लागले. पदूला पाटावर बसवून गावातून मिरवलं, हळदकुंकू वाहिलं, जोमानं स्वतःचं पागोटं तिच्या पायाशी ठेवलं. तीही नाचली. लुगडं ओलं होतं, वर गुलाल पडला होता, त्यामुळे लाल रंगाचं कुणाला काही वाटलं नाही. रात्र झाली, सगळे दमून आपापल्या घरी झोपले. पदूनं दिवा लावला, आईनं शिकवलं होतं तसं हात पाहिले, पाय पाहिले, दिसलं तिथे हळद लावली. पाठ तिला दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर. तिसऱ्या दिवशी कामावर. चौथ्या दिवशी तिचं तोंड तापानं लाल झालं होतं, तरी टोपली डोक्यावर. कुणी विचारलं, "पदू, दुखतंय का काही?" ती म्हणाली, "नाही गं." खरंच बोलत होती ती, खोटं नव्हतं त्यात काही. प्रश्नच चुकला होता आपला.

जोमा पाटील राशीपाशी उभा होता. पदूनं टोपली रिकामी केली, तिथेच राशीला टेकून क्षणभर बसली आणि उठून गेली. आणि जोमाला पांढऱ्या मिठावर ती पाठ टेकून बसली होती तेवढी जागा लाल दिसली. तो धावला. तिला थांबवून बायकांना बोलावलं, त्यांनी पदर बाजूला केला. काय सांगू? खांद्यापासून कमरेपर्यंत कालवांनी चिरलेलं, आत मीठ भरलेलं, आणि सगळं पिकलेलं. जोमानं हात पुढे केला आणि एका जखमेला लावला. लावला मात्र, आणि किंकाळी फुटली. पदूची नव्हे, जोमाची. स्वतःची पाठ धरून तो मिठात आडवा झाला आणि ओरडला, "हिरूबाय गं, मी बघितलं नाही! मी बघितलं नाही!"

असं म्हणतात की त्यानंतर अठरा दिवस पदू मरणाच्या दारात पडून होती, आणि बाकीच्या अठरा घरांतली एकेक बाई एकेक दिवस तिची पाठ धुवायला आली. जी हात लावी तिच्या स्वतःच्या पाठीतून तीच कळ निघे. जी कळ पदूला कधी कळलीच नव्हती, ती गावानं वाटून घेतली. पहिल्या घरची बाई उंबऱ्यावरच बसली आणि रडली. पाचव्या घरची दात खाऊन सगळं धुऊन गेली. आणि एकही बाई मागे सरली नाही, हे लक्षात ठेवा. अठराव्या दिवशी अठराव्या घरची बाई आली, म्हणजे शेजारीणच. तिनं हात ठेवला आणि वाट पाहिली. काही कळ नाही. जखम भरली होती. पदूनं डोळे उघडले आणि म्हणाली, "कोण, आई?" शेजारीण म्हणाली, "हो बाय."

पदूबाय पुढे खूप जगली. केस मिठासारखे पांढरे झाले तिचे. रोज दिवेलागणीला एका घरची बाई दिवा घेऊन यायची, घरांची पाळी ठरलेली होती, आणि एक संध्याकाळही कुणी चुकवली नाही. ती गेली तेव्हा बायकांनी तिला अखेरचं न्हाऊ घातलं. पाठीवर व्रणच व्रण होते, पण प्रत्येक व्रणाला कुणी ना कुणी बोट लावून सांगत होतं, हा मी धुतला, हा माझ्या सासूनं. कुणी न पाहिलेला असा एकही नव्हता.

म्हणून आपल्या गावात संध्याकाळी वाफ्यातून वर आलं की कुणी थेट घरी जात नाही. बांधावर दोघं दोघं बसतात, एकमेकांचे तळवे बघतात, पाठ बघतात, मग उठतात. आपल्याकडे नवी सून उंबरा ओलांडून आली की सासू आधी खाली बसून तिचे तळवे बघते. पाहुणे हसतात, हसू देत. आणि म्हणून मांडवखारात कुणी कुणाला "दुखतंय का?" असं विचारत नाही. दुखत असलं तरी माणूस नाही म्हणतो. कधी सवयीनं, कधी लाजेनं, कधी कामाच्या घाईनं.

झाली गोष्ट. दिवा आणा गं कुणीतरी इकडे.

सुंदरे, पाय दाखव.