मांडीतले खिळे

"पण सर, मोडलंय गुडघ्याखाली, आणि खिळे मांडीत?"

निशिकांतला राहवलं नाही. मोठ्या शहरातून हाडांचा डॉक्टर होऊन तो तालुक्याच्या या दवाखान्यात तगारे सरांच्या हाताखाली आला होता. प्लेट बसवण्यात आपला हात धरणारं कुणी नाही, असं तो स्वतःच सांगायचा.

पलंगावर भिमाप्पा होता. खाणीत दगड अंगावर आला आणि गुडघ्याच्या सांध्यालगत नडगीचा चुरा झाला. सरांनी त्या जागेला हात लावला नव्हता. वर मांडीत दोन खिळे, खाली नडगीत दोन, आणि त्यांना बाहेरून जोडणाऱ्या सळ्या. बस्स.

"अँटेनाच लावलाय की," भिमाप्पा म्हणाला. "बातम्या लागत्यात का बघा." मग हळूच, "पाय ऱ्हाईल न्हवं, साहेब?"

"त्याचसाठी हे चाललंय," सर म्हणाले.

"सर, आजच उघडू. तुकडे जुळवतो, प्लेट लावतो. दोन तासांचं काम."

सरांनी त्याचं बोट धरून गुडघ्याजवळ टेकवलं. कातडी टम्म फुगलेली, चकाकणारी. कडेला पाण्याचे फोड.

"फोड सोडून, चिमटीत धर."

धरता येईना.

"आत्ता चिरली तर ही कातडी परत जुळायची नाही. सुरकुती पडेल तेव्हा उघडू."

"कधी पडेल?"

"आठ दिवस... पंधरा दिवस."

"तोवर?"

"तोवर सळ्या हाड धरतील. तू रोज येऊन बघ."

निशिकांत रोज बघायचा. रोज कातडी तशीच घट्ट.

सहाव्या दिवशी तो सरांच्या खोलीत आला. दार लावून घेतलं.

"सर, रागावू नका. पण तुम्ही भिता."

सरांनी कपाटातून एक जुनं पाकीट काढलं आणि आतला एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला.

निशिकांत बघतच राहिला. भिमाप्पासारखाच चुरा. पण एकेक तुकडा जागच्या जागी, प्लेट चपखल, सांधा आरशासारखा सपाट.

"कुणी केलं हे?"

"मी. मोडला त्याच दिवशी."

"मग! हेच तर म्हणतोय मी. कसा आहे हा पेशंट आता?"

"ठीक आहे. बाजारापर्यंत चालत येतो."

"बघा..."

सरांनी एक्स-रे पाकिटात घातला.

"जयपूर फूट लावून."