गेनबाची अर्धी गोळी

आटपाट नव्हे, अगदी साधंच गाव होतं. त्या गावात एक भोळा माणूस नळाचं पाणी सोडायचा. नाव गेनबा. सांगितलेलं काम तो मन लावून करायचा. सांगितलेलं नसलं तरी करायचा, आणि तिथंच सगळी पंचाईत व्हायची.

गेनबाला एकच मुलगी, कुसुम. तिला बघायला पाहुणे आले की गेनबाचं काळीज असं धडधडायचं की विचारू नका. हात थरथरायचे, घाम फुटायचा, आणि पाहुण्यांनी पोह्यांना हात लावायच्या आत गेनबा आडवा. दोन स्थळं अशीच परत गेली. "मुलीच्या बापाला फिट येते," असं बाहेर पसरलं.

आता टाकळीच्या घुल्यांचं स्थळ आलं होतं. मुलगा अंकुश, वायरमन. कुसुमला तो मनापासून आवडला होता. ती बापाला म्हणाली, "तात्या, ह्या वेळी तेवढं पडू नका हो. हे स्थळ गेलं तर मी दुसरं बघणार नाही."

बायको ठकूबाईनं गेनबाला धरून निकम डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तपासलं, काळजाची ईसीजीची पट्टी काढली.

"ही बीटा ब्लॉकरची गोळी. काळीज उधळलं की त्याला आवरून धरते. दमा आहे का तुम्हाला?"

"नाही बाई. लागत असेल तर बघतो कुठं मिळतो का."

"नको! दमा असता तर ही गोळीच देता आली नसती. रोज सकाळी न्याहारीनंतर एक घ्या."

गेनबानं घेतली. चार दिवसांत धडधड गेली. हात थरथरायचे थांबले. चहाची बशी पहिल्यांदाच न सांडता ओठांपर्यंत पोचली. गेनबा खूश. बरं झालो म्हणाला आणि गोळ्या बंद करून टाकल्या. झालं! दोन दिवसांत काळीज आधीपेक्षा जोरात उड्या मारायला लागलं.

बाई संतापल्या. "अहो, एकदम बंद करायची नसते! जिवाशी खेळ आहे तो. बंद करायची झाली तर मी सांगेन तशी, हळूहळू कमी करत."

"हां, आता कळलं," गेनबा म्हणाला. गोष्ट डोक्यात पक्की बसली.

त्याच संध्याकाळी त्यानं खालच्या आळीचं पाणी सोडलं. हंडे भरले, टाक्या भरल्या. बायका ओरडल्या, "गेनबाभाऊ, बंद करा!" गेनबानं व्हॉल्व्ह इतकासा फिरवला आणि बिडी पेटवली. पाणी गल्लीत आलं. कोंबड्या कौलांवर चढल्या. सरपंच धोतर वर धरून धावत आले.

"अरे, बंद कर की!"

"एकदम नाही सरपंच. जिवाशी खेळ आहे. आज थोडं, उद्या थोडं. येत्या सोमवारपर्यंत होतंय बघा बंद."

सरपंचांनी स्वतःच व्हॉल्व्ह आवळला. मग गेनबालाही थोडा आवळला.

पुढच्या खेपेला बाईंनी कपाळाला हात लावला. "ते गोळीचं होतं हो, नळाचं नाही! बरं, आणखी काही त्रास?"

"झोपेतून उठलो की गरगरतं."

"होतं तसं ह्या गोळीनं. झटकन उठायचं नाही. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, जरा बसा. मग उठा."

"हां, आता कळलं."

स्थळाच्या बोलण्यासाठी ठकूबाईचे वडील आले होते. दुपारी जेवून ओसरीवर बाजेवर पडले, आणि बाजेखाली आली धामण. चांगली हातभर नव्हे, पुरुषभर! ठकूबाई किंचाळली, "आबा, उठा! साप!"

आबा उडणार, तेवढ्यात गेनबानं त्यांचे खांदे दाबून धरले.

"झटकन उठायचं नाही मामा. आधी कुशीवर वळा."

"अरे सोड मला!"

"वळलात? छान. आता पाय खाली सोडा."

"खाली साप आहे मेल्या!"

"असू दे. सोडा. आता जरा बसायचं."

शेवटी धामणच कंटाळली आणि निघून गेली. आबांनी मात्र जावयाला काठी घेऊन गावभर पळवलं. म्हातारा झटकन उठला होता, तरी त्याला काही गरगरलं नाही.

बाई म्हणाल्या, "अहो, गोळी तुम्ही घेता, सासरे नाही! आता काय होतंय?"

"पाय गार पडतात."

"ह्या गोळीनं पडतात कुणाकुणाचे. घाबरायचं नाही. पायमोजे घालत जा."

"हां, आता कळलं."

दुसऱ्या दिवशी आळीतले येसाजीबाबा गेले. नव्वदी ओलांडलेला म्हातारा, तरी घरच्यांना दुःख व्हायचंच. रडारड चालली होती. गेनबा पाया पडायला वाकला. पाय गारढोण!

"हात्तिच्या! रडताय काय येड्यासारखं? पाय गार पडलेत एवढंच. घाबरायचं नाही." आणि त्यानं स्वतःचे पायमोजे काढून बाबांना चढवले. "उद्या सकाळी बघा, शेताकडं निघतील."

तिरडी उचलायला आलेल्या चौघांनी आधी गेनबाला उचलून वेशीबाहेर टाकलं.

आता ठकूबाईचा धीर सुटला. पाहुणे उद्यावर आलेले! ती बाईंसमोर रडलीच. "पूर्वी बरं होतं बाई. पडायचे, पण तोंड तरी मिटलेलं असायचं. ह्या गोळीनं भीतीच गेली ह्यांची. माझ्या पोरीचं कसं व्हायचं?"

बाईंनी तिला पाणी दिलं आणि गेनबाची नाडी बघितली. "नाडी जरा जास्तच मंद चाललीय. आता काही दिवस अर्धीच गोळी घ्या. सोसली तर पुढं पूर्ण. नाही सोसली तर दुसरी देऊ. आणि नीट ऐका, ही तुमच्या नावाची आहे. कुणी कितीही मागितली तरी द्यायची नाही."

"हां, आता कळलं."

पाहुणे आले. घुले, घुलेकाकू, अंकुश. पोहे झाले, चहा झाला. गेनबा ताठ बसलेला. घाम नाही, थरथर नाही. काळीज अगदी संथ. दाराआड कुसुमनं हात जोडले. ठकूबाईनं देवाला नारळ बोलला.

घुले म्हणाले, "मुलगी पसंत आहे. आमच्या अंकुशला देता का?"

"छे छे," गेनबा म्हणाला. "माझ्या नावाची आहे. कितीही मागितली तरी देणार नाही."

बैठक गार! अंकुशचं तोंड उतरलं. आतून कुसुमचा हुंदका आला. तो गेनबानं ऐकला. पोरगी रडते म्हणजे आपलं काहीतरी चुकलं, एवढं त्याला कळायचं. बाईंचं बोलणं त्यानं पुन्हा नीट आठवलं.

"बरं, देतो. पण सुरुवातीला अर्धी."

"अर्धी?" घुले दचकले.

"अर्धीच. तुम्हाला सोसली तर पुढं पूर्ण."

घुलेकाकूंनी पदर तोंडाला लावला. खांदे गदगदायला लागले. मग हसू फुटलं ते आवरेचना. "अहो, किती जपतोय हा माणूस लेकीला! असा बाप कुठं मिळायचा? मला पसंत आहे सोयरीक. आणा साखर!" अंकुशचं तोंड फुललं. साखर वाटली. कुसुम डोळे पुसत पाया पडली. ठकूबाईनं सुटकेचा निःश्वास टाकला.

साखर तोंडात टाकता टाकता घुलेकाकूंनी चेष्टेनं विचारलं, "आणि व्याही, नाहीच सोसली आम्हाला तर?"

"तर दुसरी देऊ."

"दुसरी? अहो, तुम्हाला तर एकच मुलगी!"

गेनबा विचारात पडला. त्यानं घरभर नजर फिरवली, दारातल्या ठकूबाईपाशी थांबवली, आणि अंकुशला म्हणाला,

"मग हिला न्या. जुनी आहे, कडू आहे, पण मला सोसलीय."