हेव्याचा खुंट

कुंभवण्यात, अजूनही येसूबाईचं म्हणतात त्या घरामागच्या परड्यात, जांभ्या दगडाचा एक खुंट उभा आहे. कमरेएवढा उंच, एका कवेत मावेल एवढा जाड. त्याच्या अंगावर दोराचे वळ आहेत, बोट घातलं तर अर्धं पेर आत जातं. पाहुणे विचारतात, इथे रेडा बांधत होते काय? अहो, रेड्याच्या दाव्याने असे वळ पडत असते तर प्रत्येक गोठ्यात देव बसवावा लागला असता. याला हेव्याचा खुंट म्हणतात. कसा झाला ते नीट ऐकून घ्या, अर्धवट ऐकून गेलेले लोक बाहेर भलतंच सांगतात.

फार मागे या खुंटाशेजारी एक रायवळ आंबा होता म्हणे. पाच पिढ्यांनी त्याच्या बिटक्या चोखल्या. पण झाड म्हातारं झालं, येसूबाईच्या घरावर कललं, आणि एका वादळात त्याची फांदी पडून निम्मी कौलं फुटली. खाली सून बाळंतीण. झाड उतरवायलाच हवं, असं गावाने ठरवलं.

आता गावातली घराजवळची झाडं उतरवण्याचा मान घाड्यांचा. रवळू घाड्याच्या आज्याने उतरवली, बापाने उतरवली, रवळूनेही उतरवली. पण अलीकडे बुधाजी धुरी नावाचा एक गडी पुढे आला होता. त्याने तीन माड घरांच्या मधून असे काढले की एक कौल हललं नाही. गावचा मुख्य मानकरी, गावकर, म्हणाला, “ह्या खेपेक बुधाजीक चढांदे.”

झालं. रवळूच्या अंगाचा तिळपापड झाला. बुधाजी कोयता कसा धरतो, पाय कुठे ठेवतो, कमरेला दोराचे किती वेढे घेतो, सगळं त्याला पाठ होतं. जेवताना बायकोने सहज म्हटलं, “बुधाजीचो हात साफ आसा हां,” तर हा ताटावरून उठला. बुधाजीला ताप आला तर याला बरं वाटायचं, आणि ताप उतरला की याच्या पोटात दुखायचं. हेवा म्हणजे हेवा, त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही.

झाड उतरवायच्या दिवशी रवळू सकाळपासून परड्यात येऊन बसला. हा आज पडावा, एवढीच त्याची इच्छा होती. देवळात जाऊन तसं गाऱ्हाणं घालायची तेवढी हिंमत झाली नव्हती.

रीत अशी होती. चढणाऱ्याच्या कमरेचा दोर वरच्या भक्कम बेचक्यातून खाली यायचा, आणि खालचा माणूस त्याला जवळच्या खुंटाभोवती, इथे या खुंटाभोवती, दोन वेढे देऊन धरायचा. वरचा सरकेल तसा खालच्याने दोर सोडायचा, घ्यायचा. त्या दिवशी दोर बुधाजीच्या मेव्हण्याच्या हातात होता. जीवाभावाचा माणूस, म्हणून निवडलेला. आणि जीवाभावाची माणसं कशी असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. आपला माणूस पडणारच नाही, असं धरून चालतात.

बुधाजीने शेंड्याकडच्या फांद्या एकेक बांधून, तोडून, अलगद खाली सोडल्या. गाव वाहवा करत होतं. रवळू मात्र टक लावून बघत होता. मग बुधाजी घरावरच्या मोठ्या फांदीकडे वळला. कोयत्याच्या पाठीने तिच्यावर ठोकून बघितलं, आवाज भरीव आला. पण रवळूला खालून दिसलं, फांदीच्या पोटाला अळंबीचे थर धरले होते. वरून भरीव आणि खालून कुजकी. वर चढलेल्याला ते कधीच दिसलं नसतं.

“सैल सोड रे!” बुधाजी वरून ओरडला. मेव्हण्याने बायकांशी बोलता बोलता दोराचे दोन्ही वेढे काढले. तेही रवळूने बघितलं. सांगावं की नको? त्याने ओठ घट्ट मिटले. आता पडतो, असं त्याला वाटलं, आणि खोटं कशाला बोला, त्याला आनंद झाला.

फांदी कडाडली.

पुढचं रवळूला स्वतःलाही कधी नीट सांगता आलं नाही, असं म्हणतात. मेव्हण्याच्या हातून दोर सुटायच्या आत तो खुंटापाशी होता. पळता दोर त्याने नुसत्या हातांनी धरला आणि खुंटाला वेढा मारला. तळव्यांची कातडी सोलून निघाली. जांभ्यात पहिला वळ पडला तो तेव्हा. फांदी कौलांना घासून परड्यात पडली, आणि बुधाजी येसूबाईच्या घरावर दोन हात अधांतरी लोंबकळत राहिला.

त्याला उतरवल्यावर त्याने रवळूचे हात बघितले. “कित्याक धरलंस रे? तू तर माझ्यावर जळतंस.”

रवळू थुंकला. “तू पडलंस तर मी जळू कोणावर?”

गाव हसलं. बुधाजी हसला नाही. दुसऱ्या दिवशी बुंधा उतरवायचा होता, तेव्हा त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, “माझो दोर हेच्याशिवाय कोणी धरूचो नाय. हेच्याइतक्या माझ्याकडे कोण बघणा नाय.”

त्यांची मैत्री झाली असं समजू नका. वीस वर्षं रवळूने त्याचा दोर धरला आणि वीस वर्षं त्याच्यावर जळला. दोराखेरीज एकमेकांशी बोलले नाहीत. मग रवळू गेला. त्याच महिन्यात बुधाजीला एका फणसासाठी बोलावणं आलं. दर कामाआधी ते दोघे घासून घेत तसा नवा दोर घासायला तो या खुंटापाशी आला, वळावर बोट फिरवत उभा राहिला, आणि कोयता खाली ठेवून म्हणाला, “माका बघणारो गेलो.” त्यानंतर तो झाडावर चढला नाही.

आजही कुंभवण्यात घराजवळचं झाड उतरवायचं असलं की चढणाऱ्याला आधी विचारतात, तुझ्यावर जळतो कोण? तो माणूस पुढे येतो, लाजत नाही, या खुंटाला नवा दोर दोनदा घासून घेतो आणि मगच कामाला लागतात. आणि जो म्हणतो, माझ्यावर कोणीच जळत नाही, त्याला गाव झाडावर चढू देत नाही.