लाल डबा, हिरवा डबा

एका डोंगराळ संस्थानात हैबतराव नावाचे एक बंदूकबाज राहत होते. त्यांना सगळे काही झटपट लागे. जेवण झटपट, झोप झटपट, रागही झटपट. दुसऱ्याचे बोलणे पुरते ऐकून घेणे हे काम त्यांनी जन्मात कधी केले नव्हते. मिशी तेवढी त्यांनी सावकाश वाढवली होती, आणि तिच्यावर त्यांचा फार जीव होता.

संस्थानच्या शिकारखान्यात काडतुसे भरण्याचे काम त्यांच्याकडे होते. रिकाम्या पितळी काडतुसात मापाने दारू घालायची आणि वर गोळी बसवायची. दारू म्हणजे बंदुकीची. पिणाऱ्यांनी उगाच कान टवकारू नयेत.

त्याच शिकारखान्यात शिदोजी नावाचा दुसरा नेमबाज होता. तो चालायला संथ आणि बोलायला त्याहून संथ. त्याला राम राम घातला, तर उत्तर येईपर्यंत घालणारा वळणापलीकडे गेलेला असे. हैबतरावांनी त्याचे नाव ठेवले होते मंदोबा. पण मंदोबाचा नेम चांगला होता, आणि तेच हैबतरावांना खुपत होते.

त्याला कारणही तसेच होते. येत्या दसऱ्याला महाराज शिकारखान्याचा नवा मुख्य नेमणार होते. दोघांनी लांब नळीच्या बंदुकीने दरीपलीकडची मडकी फोडायची. ज्याची जास्त फुटतील, तो मुख्य. हैबतरावांचे आजोबा मुख्य होते, वडील मुख्य होते. आता तो मान मंदोबाच्या घरी गेला तर गावात तोंड कुठे दाखवायचे?

दसरा जवळ आला, तेव्हा दारूगोळ्याचे व्यापारी हकीमुद्दीन शेठ परमुलखातून नवी, बिनधुराची दारू घेऊन आले. जुन्या दारूचा एक बार काढला की समोर नुसता ढग उठे आणि मडके कुठे गेले ते दिसत नसे. ही दारू त्या मानाने फारच गुणी. शेठनी हैबतरावांच्या ओटीवर दोन डबे ठेवले, एक लाल आणि एक हिरवा.

"लाल डब्यातली जलद जळते, हिरव्यातली मंद," शेठ म्हणाले. "आता मंद म्हणजे..."

"मंद म्हणजे मंद!" हैबतराव म्हणाले. "आमच्याकडे एक मंद आहे, तेवढा पुरे. या तुम्ही."

शेठ उरलेले वाक्य तोंडातच ठेवून घरी गेले.

तरीही हैबतरावांनी स्वतः पारख केली. नाही म्हणायला ते कामात चोख होते. त्यांनी अंगणात एका कौलावर दोन्ही डब्यांतली चिमूटचिमूट दारू वेगवेगळी ठेवली आणि लांब काडीने पेटवली. लाल डब्यातली भस्सकन उडाली. हिरव्यातली सुरसुरत, रेंगाळत, आळस देत जळली.

"बघितलंस? ही खरी दारू!" ते बायकोला म्हणाले.

सगुणाबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "पाचोळासुद्धा असाच भस्सकन पेटतो हो. त्याच्यावर एवढी भाकरी भाजून दाखवा की."

"तू तुझ्या भाकरीचं बघ."

आणि इथेच हैबतरावांच्या मनात पाप शिरले. दोघांचीही काडतुसे तेच भरणार होते. त्यांनी स्वतःची लाल डब्यातून भरली आणि शिदोजीची हिरव्या डब्यातून. माप दोघांना एकच. मंदाला मंद दारू, जोडी काय छान जमली, असे म्हणून ते एकटेच हसले.

काडतुसे शिदोजीच्या हाती देताना ते म्हणाले, "तुझ्यासाठी मुद्दाम निवडून भरलीत बरं का!"

शिदोजीने ती हातात घेतली, पाहिली, कनवटीला लावली. मग बऱ्याच वेळाने म्हणाला, "उपकार... झाले... हैबतराव." पण तोवर हैबतराव निघून गेले होते.

दसरा उजाडला. दरीच्या काठावर सारा गाव जमला. महाराज आले, हकीमुद्दीन शेठही आले. पलीकडच्या टेकडीवर चुना फासलेली मडकी मांडली होती. पहिला मान अर्थातच हैबतरावांनी घेतला. त्यांनी मिशीला पीळ दिला, वडिलांची बंदूक खांद्याला लावली आणि चाप ओढला.

असा आवाज त्या दरीने कधी ऐकला नव्हता. काडतुसाचे पितळ फाटले. बंदुकीच्या मागच्या फटीतून जाळाचा लोळ निघाला. गोळी कुठे गेली ते आजतागायत कुणाला ठाऊक नाही. दैव बलवत्तर म्हणून डोळे वाचले. पण डाव्या बाजूची मिशी गेली. काडतूस आत सरकवायची बंदुकीची कडी अशी अडकली की लोहारानेही हात टेकले.

गर्दीतून हकीमुद्दीन शेठ पुढे आले. त्यांचे वाक्य इतके दिवस तोंडात आंबले होते. "...मंद म्हणजे लांब नळीसाठी," ते म्हणाले. "ती गोळीला नळीच्या तोंडापर्यंत ढकलत नेते. जलद दारू आखूड तमंच्याची. लांब नळीत, जड गोळीमागे तिचा सगळा जोर एकदम बंदुकीवरच उलटतो."

हैबतरावांनी ते या वेळी शेवटपर्यंत ऐकले. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, दुसरे काय!

मग शिदोजी उठला. त्याने सावकाश नेम धरला. एक मडके फुटले, दुसरे फुटले, उरलेलीही फुटली. लोकांनी टोप्या उडवल्या. महाराजांनी त्याला जवळ बोलावले.

"शाबास! काडतुसं कुणी भरली?"

"हैबतरावांनी," शिदोजी म्हणाला. "मुद्दाम... निवडून... दिली मला."

महाराजांचे डोळे भरून आले. "चांगली दारू दुसऱ्याला आणि धोक्याची आपल्याला! याला म्हणतात दिलदारी." असे म्हणून त्यांनी हातातले सोन्याचे कडे काढले. "हैबतराव, हात पुढे करा."

सगळा गाव बघत होता. हैबतरावांनी काही बोलायचे नव्हते, फक्त हात पुढे करायचा होता. गेलेली अब्रू कड्यासकट परत येत होती. त्यांचा हात उठलाही. पण शेजारी शिदोजी त्यांच्याकडे बघून मनापासून हसत होता, आणि त्या हसण्याची त्यांना विलक्षण लाज वाटली. हात खाली आला.

"महाराज, निवडून दिली हे खरं," ते म्हणाले. "पण वाईट समजून दिली. मडकी फुटू नयेत म्हणून दिली. कडं शिदोजीला द्या, आणि मला काय शिक्षा द्यायची ती द्या."

महाराजांनी कडे शिदोजीच्या हातात चढवले आणि म्हणाले, "आता मुख्य तू. शिक्षा तूच सांग."

शिदोजी विचार करू लागला. लोक थांबले. महाराज थांबले. आणि जन्मात पहिल्यांदा हैबतरावही दुसऱ्याचे बोलणे पुरे होण्याची वाट बघत उभे राहिले, अर्ध्या मिशीनिशी.

"पुढच्या दसऱ्यालाही..." शिदोजी म्हणाला. बराच वेळ गेला. "काडतुसं... हैबतरावांनीच भरावीत. आता त्यांच्याइतकी... कुणाला कळणार दारू?"

हैबतरावांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी आपट्याची पाने शिदोजीच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "सोनं घ्या, शिदोजी." मंदोबा हे नाव त्यांनी पुन्हा कधी घेतले नाही. उजवी मिशी त्यांनी त्याच संध्याकाळी काढून टाकली.

तात्पर्य: भडक्यावरून जोर मोजू नये आणि संथपणावरून माणूस, ज्याची त्याची पारख ज्याच्या त्याच्या कामातच होते.