चाखलेलं औषध

वेंगुर्ल्याच्या वरच्या अंगाला, कातळसड्यावर एका देवळाची राई आहे. तिथल्या पाल्याचं औषध कुणी दिलं, तर रोगी आधी विचारतो, "चाखलंस?" देणाऱ्याने समोर पान चावल्याशिवाय तो वाटी तोंडाला लावत नाही. पाहुण्यांना हसू येतं. मग देवळाचे म्हातारे गुरव, अर्जुनतात्या, त्यांना ओट्यावर बसवून सांगतात.

वेंगुर्ल्यात वलंदेजांची, म्हणजे डचांची, वखार होती, त्या काळची गोष्ट. वखारीत योआखिम नावाचा जर्मन वैद्य आला होता म्हणे. झाडपाल्याचं त्याला वेडच. धाकू गावडा हा इथला वैदू. त्याच्या मागून योआखिम राईभर हिंडायचा, रोपं कागदात दाबून वाळवायचा. धाकू मात्र प्रत्येक पान आधी चावून बघायचा.

योआखिम हसायचा. "रोप डोळ्यांनी ओळखावं. जिभेने ओळखतात ती गुरं."

"गुरांका इख कळता, सायबा," धाकू म्हणायचा.

एकदा धाकू परगावी असताना त्याची बायको आवडू तापाने फणफणली. शेजारी योआखिमकडे धावले. त्याला धन्य वाटलं. मित्राचे उपकार फेडायची वेळ आली होती. तापावरची वेल दाबलेला कागद घेऊन तो राईत गेला. पान जुळलं, शीर जुळली, फळ जुळलं. त्याने स्वतःच्या हाताने काढा केला आणि तिला पाजला. दिवस मावळायच्या आत आवडू गेली. त्या वेलीला हुबेहूब जुळी वेल होती, विषारी. फरक फक्त चवीत होता, आणि चव कागदावर उतरली नव्हती.

धाकू परतला. सगळ्यांना वाटलं, आता कोयता उचलणार. त्याने एवढंच विचारलं, "चाखलंस?"

योआखिमने तो कागद त्याच्या पायाशी ठेवला.

गाव म्हणालं, हाकला त्याला. धाकू म्हणाला, "खंय हाकलतास? थंयही तो औषध देतलोच. शिकांदे त्येका हंयच."

योआखिमचं जहाज त्याच्याविना गेलं. बारा वर्षं तो एकेक पान जिभेवर ठेवून थुंकत राहिला आणि प्रत्येक कागदावर चव लिहीत गेला. शेवटी तोंड इतकं सोललं की पेजही उतरेना. धाकू चमच्याने पाणी घालायचा.

मरताना त्याने एकच मागणं केलं: राईत आवडूला पुरलंय, तिच्या पायांशी मला पुरा, पण माझ्यावर दिवा लावू नका.

आजही तिन्हीसांजेला धाकूच्या घरचं कुणीतरी राईत येतं. आवडूच्या दगडावर पणती लावतं. तिच्या पायांशी असलेला दगड अंधारातच राहतो.