अध्यक्षांचा साक्षीदार

नाशिकच्या हार्ड रॉक संगीत मंडळात अध्यक्ष कर्णिक वकिलांशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. तबकड्या त्यांच्या, प्लेअर त्यांचा, आणि मंडळाच्या बँडला तालमीसाठी दिलेली गच्चीवरची खोलीही त्यांचीच.

एका रविवारी भर बैठकीत त्यांनी निकाल दिला, "जगातला सर्वश्रेष्ठ अल्बम 'ग्रॅनाइट क्राउन'! ज्याला पटत नसेल त्याने तालमीला दुसरी जागा बघावी."

बँडची ड्रमर शाल्मली उठली. "मला नाही पटत. 'रॅटल यार्ड' त्याहून भारी आहे."

"तो पोरकट गोंगाट?" कर्णिक हसले. "साक्षीदार आहे का कुणी?"

"आहे ना. तुम्हीच, काका. दोन्ही तबकड्या जरा बाहेर काढता?"

कर्णिकांनी ऐटीत काचेचं कपाट उघडलं आणि दोन्ही तबकड्या तिच्या हातात दिल्या. शाल्मलीने त्या खिडकीतल्या उन्हात धरल्या. 'ग्रॅनाइट क्राउन' आरशासारखी चकचकत होती. 'रॅटल यार्ड' मात्र सुईखाली झिजून करडी पडली होती, आणि तिचं फाटलेलं कव्हर चिकटपट्टीने जागोजागी जोडलेलं होतं.

"या कपाटाला तुमच्याशिवाय कुणी हात लावत नाही, असं तुम्हीच सांगता. मग काका, हा गोंगाट इतका वाजवला कुणी?"

कर्णिकांनी त्या फाटलेल्या कव्हरवरून हात फिरवला. मग ते हळूच म्हणाले,

"दुसरी बाजू लाव. पहिलीवर आता सुई अडकते."