इलॅस्टिकने लपवलेलं टोक

वखारीतला माल एकमेकांशी बोलायचा, त्या काळची गोष्ट. परदेशी जहाजातून इलॅस्टिकची एक पट्टी बंदरावर उतरली. तिथला रिवाज कडक होता. प्रत्येक मालाने आधी आपलं फडताळ शोधायचं, मग त्याची जकात ठरणार आणि मगच त्याला गावात जायला मिळणार.

पट्टी आधी रबराच्या फडताळापाशी गेली आणि लांबच लांब ताणून दाखवू लागली. "अंगावर सूत आहे तुझ्या, पुढे हो," रबरी नळ्या फिस्कारल्या. मग मागावर विणलेल्या फितींपुढे ती श्वास रोखून ताठ उभी राहिली. "पोटात रबर आहे की गं!" म्हणत फितींनी नाकं मुरडली. बिचारी कोपऱ्यात जाऊन पडली. दिवस जात होते आणि आतलं रबर सुकत चाललं होतं.

शेवटी तपासणीच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या भिंगाने तिला हाक मारली. "पोरी, ताणून दाखवलंस, ताठ राहून दाखवलंस. पण हे टोक का दुमडून ठेवलंयस?"

"कापलेलं आहे ते, आजोबा. सोडलं तर उसवेन, आणि सगळे हसतील."

"जरा उसव की! अंगावर सूत असलं की फडताळ विणीवरून ठरतं, आणि वीण दिसते ती कापलेल्या टोकालाच."

पट्टीने डोळे मिटून टोक सोडलं. टेबलावरच्या चिमट्याने हलकेच धागा ओढला, तसा टाक्यातून टाका सुटत गेला. प्रत्येक टाक्याने रबराचा दोरा कुशीत धरला होता.

"ही तर सुयांवरची वीण, मागावरची नव्हे!" भिंग म्हणालं.

वरच्या फडताळातून स्वेटरच्या काठाची जुनी पट्टी वाकून बघत होती. तिचंही टोक तसंच उसवलेलं, लोंबत होतं.

"अगं, आपलीच आहे ही," ती शेजारणींना म्हणाली. "सरका जरा."